कुलपाचं वजन

सासूबाईंना दोन्ही नातवंडं एकदम उचलायची सवय होती. एक या कडेवर, एक त्या कडेवर, आणि मग दाराशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं, "हा बघा कसा भरलाय, माझा हात मोडतो की काय असं वाटतं. आणि हा? हा घेतलाय की नाही ते खाली बघून ठरवावं लागतं." भरलेला तो गब्बू, धाकट्या सुनेचा. न कळणारा तो टिल्लू, थोरलीचा. लोक हसायचे. थोरलीही हसायची, आणि मग आत जाऊन भांडी अशी आपटायची की खाली कुलूप-किल्ल्यांच्या दुकानात तिचा नवरा हातातली कानस थांबवून वर छताकडे बघायचा.

आता खरं सांगायचं तर त्या दोन पोरांत वयाचं अंतर नावालाच होतं, आणि सगळं दुखणं तिथंच होतं. थोरलीचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. काय काय ऐकून घेतलं होतं तिने त्या वर्षांत. शेवटी एकदाचे दिवस गेले. सासूबाई चक्क तिच्या हातातली बादली काढून घेऊ लागल्या. पण हे कौतुक पुरतं अंगाला लागायच्या आत, नुकतीच लग्न होऊन आलेली धाकटी मोरीत ओकताना सापडली. झालं. बादली उचलायला एक हात आणि बायका दोन. थोरलीने इतकी वर्षं ज्याची वाट बघितली, ते धाकटीला वाट न बघताच मिळालं. वर धाकटी स्वभावाने बरी. भांडकुदळ असती तर निदान कडाडून भांडता तरी आलं असतं. ती आपली "जाऊबाई, जाऊबाई" करत मागे मागे. अशा माणसाचा राग करायचा म्हणजे सगळा राग स्वतःच्याच पोटात साठवायचा.

टिल्लू खाण्याला वैरी. दोन घास घेतले की ओठ घट्ट मिटायचा. थोरली ताटली घेऊन त्याच्यामागे जिना चढायची, उतरायची. नवरा म्हणायचा, "आयुष्यभर कुलपं उघडतोय, पण ह्याच्या तोंडाची किल्ली काही मला घडवता येत नाही." त्याला विनोद सुचायचे. तिला पलीकडे बसलेला गब्बू दिसायचा, दोन्ही हातांनी भात कोंबणारा.

त्या थंडीत दोन्ही पोरं खोकू लागली. आधी गब्बू, मग टिल्लू. ताप आला, आणि श्वास भराभर चालू लागला. खेळून दमल्यासारखा, पण पोर निजलेलं. दोघी जावा दोघांना घेऊन दवाखान्यात निघाल्या. निघताना नवऱ्याने थोरलीच्या हातात एक मोठं पितळी कुलूप ठेवलं. "शाळेच्या फाटकाचं आहे. दुरुस्त झालंय. वाटेत शिपायाला देशील?" तिने ते पिशवीत टाकलं. पिशवीचा बंद खांद्याला काचला, एवढं ते जड होतं. शिपाई फाटकावर नव्हता. येताना देऊ म्हणून ती तशीच पुढे गेली.

दवाखाना म्हणजे एक खोली, एक पडदा आणि पडद्याबाहेर दोन बाकं भरून खोकणारी माणसं. डॉक्टरीणबाई एकट्याच सगळं बघायच्या. त्यांनी गब्बूचा सदरा वर केला आणि घड्याळाकडे बघत त्याच्या पोटाची वरखाली मोजत बसल्या. मग टिल्लूचं तसंच केलं. दोघांच्या छातीला नळी लावली, बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते का ते बघितलं, वाटीने पाणी पाजून बघितलं. दोन्ही पोरं प्यायली.

"दोघांनाही न्यूमोनिया आहे," त्या म्हणाल्या. धाकटीच्या हातून रुमाल पडला. "घाबरू नका. सौम्य आहे. छाती आत जात नाही, पाणी पितात, डोळे उघडून बघतात. घरीच बरे होतील. पण औषध मी सांगते तसंच द्यायचं. बसवा एकेकाला काट्यावर. गोळी वजनावर ठरते."

धाकटीने गब्बूला उघडं करून काट्यावर बसवलं. लाल आकडे धावले आणि थांबले. अकरा आणि वर थोडं.

"ही गोळी दहा किलोच्या आत असेल तर सकाळी एक, संध्याकाळी एक. दहाच्या वर गेलं की सकाळी दोन, संध्याकाळी दोन. ह्याला दोन-दोन. चमच्यात पाणी घेऊन विरघळवायची." तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारली आणि डॉक्टरीणबाई पडद्याबाहेर डोकावल्या. धाकटी पाठ करून गब्बूला कपडे घालू लागली.

थोरलीच्या मांडीवर टिल्लू होता, अर्धा उघडा. तिला आत्ताच पुढचं सगळं ऐकू येऊ लागलं. ह्याला एक-एक. मग घरी गेल्यावर सासूबाई विचारणार, ह्याला दोन आणि त्याला एक का? मग धाकटी आपली भाबडेपणाने सांगणार, वजनावर असतं ना आई. मग दाराशी उभं राहून तेच पुराण, आता डॉक्टरच्या साक्षीने. गोळीतसुद्धा तिचा पोरगा वरचढ.

ती विचार करत होती असं म्हणणं बरोबर नाही. विचार केला असता तर हात थांबला असता. तिने टिल्लूला स्वेटर चढवला, बूट चढवले, पिशवीतलं कुलूप काढून स्वेटरच्या पुढच्या मोठ्या खिशात सरकवलं आणि वर घडी केलेला रुमाल खोचला. गार कुलूप पोटाला लागून पोरगं शहारलं, एवढंच.

"अहो, कपडे काढायचे ना," डॉक्टरीणबाई परत येऊन म्हणाल्या.

"आत्ताच घातले बाई. अंग तापलंय, वारा लागेल."

बाहेरची बाकं खोकत होती. "बरं, बसवा तसाच."

दहा आणि वर थोडं.

"ह्यालाही दोन-दोन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि थोरलीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "आणि दोघींनीही ऐका. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायचं नाही, सांगितले तेवढे दिवस पुरे करायचे. पाणी पिईना, सगळं ओकू लागला, सुस्त पडला, किंवा श्वास घेताना छाती आत जाऊ लागली, तर वाट न बघता इकडे यायचं. नाहीतर परवा दाखवायला आणा."

येताना शिपाई फाटकावर होता. पण जावेच्या देखत टिल्लूच्या खिशातून कुलूप कसं काढायचं? थोरली नाकासमोर बघत पुढे निघून गेली.

घरी गोळ्या द्यायची वेळ झाली की थोरली मुद्दाम सासूबाईंसमोर बसायची. दोन चमचे, दोन्हींत दोन-दोन गोळ्या, पाणी टाकलं की फसफसून पांढऱ्या होणाऱ्या. "दोघांना सारखंच आहे हो आई," ती म्हणायची. कुणी विचारलेलं नसायचं.

"दिसतंय की," सासूबाई म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी गब्बूचा ताप उतरला, आणि संध्याकाळी त्याने भाताच्या ताटलीवर झडप घातली. टिल्लूचाही श्वास जरा निवांत झाला होता, पण त्याचं पोट बिघडलं. लंगोट बदलता बदलता थोरलीचे हात भरून यायचे. ताटली दाखवली की पोरगा रडायचा, तेही आवाज न काढता.

"औषध तेच, मात्रा तीच," सासूबाई गब्बूला मांडीवर घेऊन म्हणाल्या. "मग ह्याला मानवलं आणि त्याला का नाही? मुळात अंगात काही असायला हवं ना."

"असं होतं हो आई काहीकाही मुलांना," धाकटी म्हणाली. "जाऊबाई, तुम्ही जरा पडा. लंगोट मी धुते."

हेच ते. धुवायला तीच पुढे. थोरलीने लंगोट तिच्या हातून हिसकून घेतला आणि मोरीत जाऊन इतका घासला की त्याची वीण उसवली. घासता घासता तिच्या डोक्यात पहिल्यांदा धड विचार आला. दोन गोळ्या गब्बूच्या अंगाला. टिल्लूच्या अंगाला किती? आपण पोराला औषध देतोय की कुलपाला?

त्या संध्याकाळी तिने पाठ करून टिल्लूच्या चमच्यात एकच गोळी टाकली. आणि लगेच शंका आली. आजार मोठा, नाव घ्यायलाही भीती वाटावी असा. तो खरंच दहाच्या आत आहे, की काठावर आहे? स्वेटर किती, बूट किती, कुलूप किती? कमी पडलं तर? तिने दुसरी गोळी हातात घेतली, ठेवली, परत घेतली. शेवटी मनाची समजूत घालायला ती टिल्लूला घेऊन जिना उतरली.

नवरा मागच्या अंगणात हात धूत होता. दुकानात भिंतीवर किल्ल्यांचे झुबके, आणि आढ्याला पितळेची मोड तोलायचा हुकाचा काटा लटकत होता. तिने टिल्लूचे कपडे उतरवले, आपल्या ओढणीची झोळी केली, पोराला तीत बसवून झोळी हुकाला अडकवली. टिल्लू हलत हलत किल्ल्यांकडे बघत राहिला. काटा थरथरला आणि नऊच्या जरासा पुढे जाऊन थांबला.

"पोराला मोडीत काढतेस की काय?" नवरा दारात उभा होता, ओल्या हातांनी.

तिने झोळी छातीशी धरली, आणि तिला रडू फुटलं.

"अगं, काय झालं? आणि त्या शिपायाचं कुलूप कुठंय? तो दोनदा येऊन गेला. म्हणतो, फाटकाला दोरी बांधलीय, पोरं शाळेतून पळताहेत."

मग तिने सांगितलं. सगळं नाही, पण जे सांगितलं त्यात कुलूप होतं. नवरा बराच वेळ ओले हात विजारीला पुसत राहिला. त्याला विनोद सुचला नाही.

"सकाळी सांग जाऊन डॉक्टरीणबाईंना," तो म्हणाला. "एक द्यायची की दोन, ते आपण काट्याखाली उभं राहून ठरवायचं नाही."

"ती येईल ना बरोबर. तिच्या पोराला दाखवायचंच आहे उद्या."

"मग?"

"मग काय? तिच्यासमोर सांगू?"

"दुसरीकडे कुठे सांगणार? दवाखाना एकच आहे."

पुरुषांना सगळं असं सरळ दिसतं. थोरलीने ठरवलं, पहाटे एकटीनेच निघून जायचं. दार उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसायचं, दोन शब्दांत काय ते सांगायचं आणि धाकटीची वेणीफणी होईपर्यंत घरी परतायचं.

पण पहाटे टिल्लूला पाजलेलं पाणी उलटलं. पुन्हा पाजलं, पुन्हा उलटलं. मान तिच्या खांद्यावर सोडून तो गप्प पडला. सगळं ओकू लागला तर वाट बघायची नाही, हे शब्द तिच्या कानात घणासारखे पडू लागले. तिने उठून स्वेटर शोधला, खिशातलं कुलूप पिशवीत टाकलं, पण बुटाची नाडी काही तिच्याच्याने बांधवेना.

"द्या इकडे," धाकटी मागून म्हणाली. ती गब्बूला पाठीशी बांधून तयारच उभी होती, केस तसेच विस्कटलेले. तिने टिल्लूला कडेवर घेतलं आणि जिना उतरूही लागली. एक पोरगं पाठीवर, एक कडेवर, आणि थोरली मागे रिकाम्या हाताने पिशवी सांभाळत. त्या अवस्थेतही तिच्या मनात आलं, ही दोघांनाही उचलू शकते.

दवाखाना नुकताच उघडत होता. डॉक्टरीणबाईंनी टिल्लूला टेबलावर घेतलं. सदरा वर करून श्वास मोजला, छाती बघितली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, डोळ्यांत बघितलं. थोरली त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि ते तोंड काही सांगत नव्हतं.

"श्वास कमी झालाय. छाती ठीक आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "पोट मात्र बिघडलंय. गोळ्या कशा दिल्या?"

थोरलीने तोंड उघडलं, पण धाकटीच बोलली. "दोन-दोन, बरोबर वेळेवर. जाऊबाईंचं एकदाही चुकलं नाही बाई. माझीच एकदा उशिरा झाली, त्यांनीच आठवण करून दिली."

कौतुक होतं ते. अगदी मनापासून. तेच थोरलीला बोचलं. धाकटीने खोटं पाडलं असतं तर ती आणखी खोटं बोलली असती. पण इतकं खरं मानणाऱ्या माणसासमोर काय बोलणार? तिने पिशवीत हात घातला आणि शाळेच्या फाटकाचं कुलूप टेबलावर, टिल्लूच्या पायाशी ठेवलं. टेबल वाजलं.

"हे त्या दिवशी त्याच्या खिशात होतं," ती म्हणाली. "काट्यावर बसवला तेव्हा. मी घातलं होतं. काल संध्याकाळी मी एकच दिली, आणि आज सकाळची अजून दिलेलीच नाही."

डॉक्टरीणबाईंनी कुलूप उचलून हातात तोललं.

"कशासाठी?" त्यांनी विचारलं.

थोरलीने गब्बूकडे बघितलं. तेवढं पुरे झालं. धाकटीने मान खाली घातली.

डॉक्टरीणबाईंनी टिल्लूला सगळे कपडे काढून काट्यावर बसवलं. नऊ आणि वर थोडं.

"एक-एक," त्या म्हणाल्या. "ऐका बाई. जास्त गेलेल्या गोळ्यांनी पोट बिघडलं, ते सावरेल. पण हे पोर आणखी बारीक असतं आणि तुम्ही ते असंच झाकलं असतं, तर कदाचित मी त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवायला हवं होतं आणि घरी पाठवून बसले असते. वजन हे काही बक्षीस नाही. ते मला खोटं कळलं तर माझं औषधही खोटं." मग जरा थांबून, "आणि स्वेटर काढायला मी लावायला हवं होतं. तेवढं माझं."

त्यांनी मीठसाखरेच्या पाण्याची पुडी कालवली आणि चमच्या-चमच्याने, मध्ये थांबत थांबत पाजायला सांगितलं. दोघी जावा बाकावर बसल्या. थोरली चमचा धरत होती, धाकटी टिल्लूची मान. बराच वेळ गेला. पाणी आत राहिलं. मग एक गोळी विरघळवली, तीही राहिली. टिल्लूने डोळे उघडले आणि समोरच्या गब्बूच्या नाकात बोट घातलं.

"आता न्या घरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्या पुऱ्या करायच्या, एक-एकच. उद्या परत दाखवा. आणि ते दार उघडं ठेवा जरा, बाहेर लोक आहेत."

वाटेत शाळेच्या फाटकावर शिपाई दोरीशी झटत होता. थोरलीने त्याच्या हातात कुलूप दिलं. "काय बाई, बनवायला दिलं होतं की सांभाळायला?" तो म्हणाला. धाकटी हसली, आणि मग हसू तोंडातच दाबून पुढे चालू लागली.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "जाऊबाई, आईंना मी काही सांगणार नाही."

थोरलीने रिकामी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

घरी सासूबाई दाराशीच होत्या. टिल्लूला बघून त्यांच्या जिवात जीव आला, आणि तो येताच तोंडही सुरू झालं. संध्याकाळी चमचे मांडले गेले. एका चमच्यात दोन गोळ्या, एका चमच्यात एक.

"हे काय? काल तर सारखं होतं. ह्याची कमी का केली?"

"डॉक्टरीणबाईंनी बदलली आई," धाकटी चटकन म्हणाली. "पोट बिघडलं ना, म्हणून." आणि तिने थोरलीकडे बघितलंही नाही. अगदी सहज, जणू काही घडलंच नव्हतं.

थोरलीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट अंगाचा भडका उडाला. वजनात ती पुढे, दिवस जाण्यात ती मागे राहिली नाही, लंगोट धुवायला ती, दोन पोरं उचलायला ती, आणि आता चांगुलपणातही तीच? आपलं पाप झाकायचं तेही तिनेच, आणि आपण जन्मभर तिच्या उपकाराखाली मान वाकवून बसायचं? एवढं मात्र तिला द्यायचं नाही.

"नाही आई," थोरली म्हणाली. "मी त्याला काट्यावर बसवताना खिशात कुलूप घातलं होतं. तुमच्या गब्बूच्या बरोबरीचा दिसावा म्हणून. त्याने मात्रा चुकली आणि पोर आजारी पडलं."

धाकटीचा चमचा हातातच राहिला.

"कोणतं कुलूप?" सासूबाईंनी विचारलं.

"शाळेचं."

"ते फाटकाचं? एवढं?" त्यांनी दोन्ही हातांनी माप दाखवलं. मग हात मांडीवर ठेवले. ज्या हातांनी त्या दोघांना तोलत होत्या, तेच हात. आता काहीतरी लागट बोलतील म्हणून थोरली वाट बघत होती. त्यांनी वाकून टिल्लूला एकट्याला उचललं, खांद्यावर घेतलं, आणि तो हलका की जड ते काही म्हणाल्या नाहीत.

गोळ्या संपल्या तशी दोन्ही पोरं हिंडूफिरू लागली. शेवटच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी दोघांना पुन्हा उघडं करून काट्यावर बसवलं. थोरलीने स्वतःच्या हाताने टिल्लूचे मोजेसुद्धा काढले. नऊ आणि वर थोडं, आधी होतं तितकंच. मग गब्बू बसला. आजारात त्याचं वजन जरा उतरलं होतं.

थोरलीने आकडा बघितला आणि तिच्या मनात आनंदासारखं काहीतरी टुणकन उडालं. तिने ते ओळखलं. जुनीच ओळख होती. ती मुकाट्याने वाकली, आणि गब्बूचे बूट उचलून त्याच्या पायात घालू लागली.